रघूभाऊंनी दिलेली वाट

प्रियांकाने मोबाइल डोळ्यांपुढे धरला तेव्हा माझ्या बोटांना तूप लागलेलं होतं. निरांजनाच्या वाती भिजवत होते. "आई, हे बघा, दिपेशने स्टेटसला टाकलंय," सूनबाई म्हणाली. दिपेश म्हणजे आमच्या शेतशेजाऱ्यांचा नातू. फोटोत सिमेंटचे खांब होते, एकावर एक रचलेले, बाजूला तारेची भेंडोळी आणि मागे आमचं शेत, कापणी होऊन नुसते बुडखे उरलेलं. नीट दिसेना म्हणून मी बोट टेकवलं, तर काचेवर तूप पसरलं आणि फोटो एकदम मोठा झाला. शेत बाहेर गेलं, आभाळ बाहेर गेलं, एक खांब तेवढा सगळ्या काचेवर उभा राहिला. मी दचकून हात मागे घेतला. खांबाने काय दचकायचं? पण खांब कुठे रचलेत ते मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या वाटेवर. रस्त्यापासून आमच्या खाचरांपर्यंत जी एकच वाट जाते, तिच्यावर.

साईनाथ तोवर पँट घालून तयार होता. रविवार त्याचा झोपायचा. आठवडाभर कल्याणला उभ्याने जाणं-येणं करून माझा मुलगा रविवारी भिंतीकडे तोंड करून झोपतो, आणि मी पूजेची घंटासुद्धा हलक्या हाताने वाजवते. आज तो गाडीची किल्ली बोटात फिरवत दाराशी उभा होता. "चल. खांब उभे राहायच्या आत गेलं पाहिजे. एकदा काँक्रीट पडलं की संपलं." मी म्हटलं, "आरती तरी होऊ दे." तो थांबला. आरती होईपर्यंत दारातच उभा राहिला, आणि प्रसाद हातावर घेताना खाली बघून म्हणाला, "आज बोलशील ना, आई?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आसनगावहून शहापूर ओलांडून डोळखांबच्या रस्त्याला लागेपर्यंत मी त्याच्या मागे बसून त्याची पाठ बघत होते. शर्टाला इस्त्री नव्हती. ह्या पाठीमागे बसून मी मोजणीच्या दिवशीही परत आले असते तर वाटेतच सगळं सांगून झालं असतं; पण त्या दिवशी तो कामावर होता आणि मी एकटी होते. दिवाळी झाली होती, भात कापून पडलं होतं, आमच्या शेतावर राबणारी लहानी झोडणी करत होती, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून मी पहिल्या गाडीने शेतावर गेले होते. लक्ष कसलं ठेवायचं? लहानी आमच्याकडे माझ्या सासूबाईंपासून आहे. मला आपलं भाताच्या वासात बसायचं होतं, एवढंच. चातुर्मासात मी आंघोळीपासून नैवेद्यापर्यंत बोलत नाही. सासूबाईंचा नेम, त्यांच्यामागे मी धरला. मौनानं घरातली भांडणं दारातून परत जातात, असं त्या सांगत. लहानीला माझ्या खुणा पाठ आहेत. भागीरथीवहिनींनाही आहेत. शेजारचं शेत त्यांचं, घर शेताच्या पलीकडच्या टोकाला. मला बघितलं की त्या लांबूनच ओरडायच्या, "सोमवारी हिचं पोट बंद, सकाळचं हिचं तोंड बंद! देवा, हिचं काय चालू ठेवलंस रे?" आणि लहानी पेंढ्यात तोंड लपवून हसायची. मलाही हसू यायचं. मौनात हसायला बंदी नाही.

तर त्या सकाळी मोजणीचे साहेब आले. दिपेशने, म्हणजे वहिनींच्या नातवाने, मोजणी मागितली आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण दिवस पुढे गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं धरून आम्ही स्वस्थ होतो. साहेब भला माणूस. वयाने साईनाथएवढा. काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन तो बांधाबांधाने फिरला. यंत्र मधूनच टिटवीसारखं ओरडायचं, मग त्याचा माणूस तिथे खुंटी मारायचा आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याची रेघ ओढायचा. रेघ आमच्या बांधाच्या बाजूने चालत येईल असं मला वाटत होतं. ती तशी आली नाही. रस्त्याशीच ती तिरकी झाली आणि वाट ओलांडून आमच्या अंगात शिरली. वाट अख्खी पलीकडे गेली, वर बांधही गेला. पांढरी रेघ कापलेल्या भाताच्या बुडख्यांवरून ठिबकत माझ्या पायाशी आली, आणि मी पाय मागे घेतला. हो, मीच घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. मग साहेबाने कपाळाचा घाम पुसून विचारलं, "लगतच्या खातेदारांची काही हरकत?" दिपेश म्हणाला, "देवकीआजी हायत ना समोर." सगळे माझ्याकडे बघायला लागले, वहिनीसुद्धा. माझ्या तोंडात सकाळचं तुळशीचं पान अजून विरघळत होतं. शब्द होते, सगळे होते, दाताच्या मागे येऊन उभे होते. ही वाट आमची आहे, रघूभाऊंनी दिली आहे. एवढंच तर म्हणायचं होतं. मी हात जोडले. का जोडले? थांबा म्हणायला जोडले, की सुटका मागायला? साहेबानेही अदबीने हात जोडले, आणि यंत्र पिशवीत भरलं.

"खुणेनं तरी सांगायचं," साईनाथ त्या रात्री म्हणाला होता. "हात आडवा धरायचा. रेघेवर जाऊन बसायचं. आई, देवाने काय केलं असतं? रागावला असता?" देव रागावत नाही, हे मला ठाऊक आहे. मी इतकी वर्षं त्याच्यापुढे बसते, त्याचा स्वभाव मला कळतो. मग मी कशाला धरून बसले होते? हे मी त्या दिवसापासून उलटंसुलटं करून बघते आहे. पोथी वाचताना बघते, भाजी निवडताना बघते. कधी वाटतं, नेम मोडायची भीती. कधी वाटतं, इतक्या लोकांदेखत नेम मोडायची लाज. म्हणजे देवापेक्षा लोकच. आणि कधी, दुपारी आडवी झाले की, ह्या दोन्हींच्या खालून एक तिसरंच वर येतं: मी दमले होते. शेत, बांध, कुणाचं पाणी कुणाच्या खाचरात, कुणाची गुरं कुणाच्या रोपांत, हे सगळं मी नवऱ्यामागे इतकं वाहिलं, की साहेबाने विचारलं तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं, घेऊन जा बाबा, सगळंच घेऊन जा. हे मी साईनाथला सांगितलं नाही. वाट गेली तर मागची खाचरं बेटासारखी आत अडकतात. ट्रॅक्टर जायचा नाही, गाडी जायची नाही. दुसऱ्यांच्या बांधांवरून डोक्यावर भारे वाहून शेती कोण करील? वर्षभर पडीक राहील, मग आणखी एक वर्ष, मग त्यावर रान चढेल. पोराला तिथे म्हातारपणी एक खोली बांधायची आहे. फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून तो ह्या खोलीची खिडकी कुठे असेल ते सांगतो, आणि प्रियांका म्हणते, डास चावतील. त्याची खिडकी मी हात जोडून देऊन टाकली.

वाट दिली ती मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या पावसात. त्याआधी आम्हाला वाटच नव्हती. आमचं शेत वरच्या अंगाला, रघूभाऊंचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, खालच्या. वरचं पाणी आम्ही अडवलं की त्यांच्या रोपांच्या मुळ्या उघड्या पडायच्या, आणि रस्त्याकडून बैल आणायचे तर आम्हाला त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागायचं. आधीच्या पिढीने ह्यावरून डोकी फोडलेली. मग एक दिवस हे आणि रघूभाऊ बांधावर विडी ओढायला बसले ते उठलेच नाहीत. मी आणि भागीरथीवहिनी लांबून बघत होतो. आता भांडतात की मग भांडतात! शेवटी रघूभाऊंनी हाक मारली, "ए बायांनो, इकडं या." पाणी ह्यांनी सोडायचं, वाट त्यांनी द्यायची, असं ठरलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे कुदळीने बांध सरकवला, चिखल थापला. आणि लावणी उलटी करायची, असं रघूभाऊंच्या डोक्यात आलं. म्हणजे नव्या बांधाच्या कडेची पहिली ओळ आमच्या खाचरात वहिनींनी लावायची, त्यांच्या खाचरात मी. "उद्या कोनी फिरला तर दुसरीच्या हातचं उपटावं लागंल. कोन उपटतो बगू!" ते म्हणाले. हे म्हणाले, "कागद करायचा का?" तर रघूभाऊ चिखलाचा हात झटकून म्हणाले, "महिपत, तुज्या माज्यात तलाठी कशाला घुसवतो?" मी वाकून रोपं लावत होते. वहिनी पाठीला पाठ लावून पलीकडे. त्यांनी हळूच ढुंगणाने मला धक्का दिला आणि मी चिखलात बसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. कधी कधी जपात येतं, मग मणी चुकतो.

गाडी थांबली. खड्डे सुरू झाले होते. दोन गडी पहारीने वाट खणत होते, आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत नायलॉनची दोरी ताणली होती. चुना दवाने विरून गेला होता, म्हणून दोरी. दिपेश टोपी घालून उभा होता. मला बघून वाकला, पायाला हात लावला. चांगला मुलगा आहे. बाप लवकर गेला, आजीला हाच बघतो, औषध-पाणी सगळं. साईनाथ गाडी स्टँडला लावता लावताच बोलायला लागला, "दिपेश, काम थांबव. आईला बोलायचंय. त्या दिवशी तिचं मौन होतं."

"साईदादा, मौनाचं मना ठावं हाय. पन मान हलवायला मौन कुठं आडवं येतं?" दिपेश हसला, पण लगेच माझ्याकडे बघून गंभीर झाला. "बोला देवकीआजी. मी ऐकतो ना."

आणि मी बोलले. इतके दिवस दातांच्या मागे उभे असलेले शब्द बाहेर आले तेव्हा ते इतके थोडे होते, की मलाच नवल वाटलं. पाणी, विडी, बांध सरकवला, उलटी लावणी. गड्यांनी पहारी टेकवून ऐकलं. माझा आवाज मुळात हळू. मधे एक ट्रक गेला तेव्हा थांबून पुन्हा बोलावं लागलं. शेवटी मी म्हटलं, "वहिनी होत्या तिथे. त्यांना विचार." हे म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. म्हटलं आणि जीभ चावली. कारण वहिनी येतच होत्या. घरातून निघून, काठी टेकत, पदर डोक्यावर ओढून उन्हातून येत होत्या. नातवाच्या घरात राहणारी बाई, आणि मी तिला नातवासमोर साक्षीला बोलावलं होतं.

दोरीपाशी येऊन त्या थांबल्या. दम घेतला. मी एकीकडे, त्या दुसरीकडे. "काय इचारतो रं?" त्या नातवाला म्हणाल्या.

"आजोबांनी ही वाट यांना दिली होती का? तोंडी?"

मी खाली बघितलं. माझ्या मनात आलं, नाही म्हणा वहिनी. नाही म्हणा आणि सुटा. मी एका शब्दाने रागावणार नाही.

"दिली होती," भागीरथीवहिनी म्हणाल्या. "मी होते ना. हिला चिखलात पाडली होती मी त्या दिवशी."

साईनाथने मोठ्याने श्वास सोडला. दिपेशने टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग मोजणीच्या दिवशी का नाय बोललीस, आजी? तू पन होतीस की उभी."

"हिच्याकडं बगत होते." वहिनींनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "ही बोलंल, मंग मी हो बोलंन. तुज्या इरुद्ध पहिली मी कशी बोलू रं? आन ही तं हात जोडून उभी! मना वाटलं, हिलाच नको आसंल आता. शेरातली झाली." मग माझ्याकडे वळून, "काय गो? खरं का नाय?"

मी काहीच बोलले नाही. आज नेम नव्हता. एकादशीलाच उद्यापन झालं होतं.

"बरं," दिपेश म्हणाला. किती हळू म्हणाला! "दोघी खरं बोलता. मी कुठं खोटं बोलतो? पन आता माजं ऐका. त्या अंगाला माज्या चुलत्यांनी पहिली मोजणी आनली. तिकडं आजोबांनी आसंच कायतरी बोलून ठेवलेलं, यंत्रानं ते मानलं नाय, माजी पट्टी गेली. मी कोनाला बोललो? गप बसलो. आता इकडं यंत्रानं मना दिलं, तं ते सोडू? तिकडं यंत्र खरं आन इकडं आजोबा खरे, आसं कसं चालंल, साईदादा? तुमी सांगा." साईनाथ म्हणाला, "वाट बंद करता येत नाही कुणाला. मी तहसीलला जाईन." "जा ना. मी नको बोलत नाय. तिथं जे ठरंल ते मान्य. तवर टाइम जाईल तुमचा न् माजा." साईनाथ काहीतरी बोलला, दिपेश काहीतरी बोलला, दोघांचे आवाज चढले नाहीत, उलट खालीच जात होते, जसे दोन दमलेले बैल एकमेकांना शिंगं लावून नुसते टेकतात. मग दिपेश आजीला म्हणाला, "आजी, उनात नको उभी राहू. घरात जा. झालं ना बोलून?" आणि गड्यांकडे बघून त्याने मान हलवली. पहार पुन्हा पडली.

 लिहायला लाज वाटते, पण पहिलं जे झालं ते बरं वाटणं होतं. म्हणजे त्या दिवशी बोलले असते तरी हेच. साहेबाने ऐकून घेतलं असतं, वहिनींनी हो म्हटलं असतं, आणि रेघ तिथेच पडली असती. इतक्या दुपारी उगाच जाळल्या. माझ्या मौनाने काही गेलं नव्हतं. मी त्या खड्ड्याकडे बघत होते. लाल माती वर येत होती, ओली, आतल्या बाजूला मुळ्यांचे पांढरे धागे. आणि मग बरं वाटण्याच्या खालची जमीनही निघून गेली. माझ्या मौनाने काही गेलं नव्हतं, तर माझ्या बोलण्याने काही राहिलंही नव्हतं. मी देवापुढे बसून रोज म्हणत होते, माझ्यामुळे पोराची वाट गेली, मला क्षमा कर. तेवढं तरी माझं होतं. आता तेही नाही. दोन म्हाताऱ्या खरं बोलल्या, सगळ्यांनी ते खरं धरलं, आणि खड्डा होता त्याहून खोल झाला. ह्यांना मी काय सांगू? रघूभाऊंना काय सांगू? मीच शिकवलेली रामरक्षा म्हणणारा माझा मुलगा कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याची नजर त्या जागी होती जिथे खोलीची खिडकी यायची होती.

गडी पहिला खांब उचलून आणत होते. वहिनी गेल्या नव्हत्या. दोरीपलीकडे काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. "नातू वाईट नाय गो," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही, वहिनी. चांगला आहे."

"मी बोलले ते तुला बरं वाटलं का?"

"वाटलं."

"मना पन." त्यांनी पदराने नाक पुसलं. मग नेहमीच्या आवाजात, "आज काय बंद हाय तुजं? चा घेशील का? का तो पन देवाला इचारून?"

"आज काही बंद नाही. घेते."

"मंग ये." आणि ये म्हणून त्यांनी पाय मागे घेतला, मला जागा द्यायला, जशा नेहमी देतात. मधे दोरी होती. घोट्याएवढी. मी लुगडं जरा उचललं असतं तर झालं होतं. पण दोन गडी खांब धरून उभे होते, मी जाईपर्यंत थांबायच्या बेताने, आणि दिपेशही तोंड फिरवून उभा राहिला होता. काय बघायचं नाही ते त्याला कळत होतं. त्या चांगुलपणाचीच मला शिसारी आली. आज ओलांडीन. उद्या तार असेल. पुढच्या वेळी यायचंच आहे रस्त्याने वळसा घालून, तर पायांना आजच शिकवलेलं बरं.

"रस्त्याने येते, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. "शाळेपासून वळावं लागंल तुला. पुलाच्या अंगानं."

"हो."

"बरं तं. लवकर ठेवला तं काढा होईल त्याचा. तू वळनावर दिसलीस की मंग आधन ठेवते."

त्या घराकडे वळल्या. मी रस्त्याकडे निघाले. मागून साईनाथने हाक मारली, "आई, कुठे चाललीस? गाडी इकडे आहे." मी हातानेच सांगितलं, येते. डांबर तापलं होतं, चपलेतून लागत होतं. शेताच्या पलीकडे वहिनी घराच्या पायरीवर चढल्या आणि आत न जाता दारातच उभ्या राहिल्या, हात कपाळावर आडवा धरून. वळण अजून बरंच लांब होतं.